मालधक्का नसलेली वसाहत

बंगळूरहून तुमकूर रस्त्याने बाहेर पडताना यशवंतपूर मागे पडले की पीण्याची औद्योगिक वसाहत सुरू होते. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा तिच्या स्टेजेस आहेत आणि त्यांतल्या गल्ल्यांतून हजारो छोटे कारखाने दाटीने उभे आहेत. कुणाकडे लेथ आणि मिलिंग, कुणाकडे पत्र्याचे काम, कुणाकडे प्लेटिंग, पावडर कोटिंग, गिअर किंवा डाय. आशियातल्या मोठ्या लघुउद्योग वसाहतींत पीण्याचे नाव घेतले जाते. एवढ्या वसाहतीचा कच्चा माल येतो तो ट्रकने आणि तयार माल जातो तोही ट्रकनेच. याचे कुणाला आश्चर्य वाटत नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक औद्योगिक वसाहतींचे चित्र हेच आहे. पण पीण्याच्या बाबतीत ते वाटायला हवे. महामार्गाच्या पलीकडून, उत्तरेच्या अंगाने, यशवंतपूरहून चिक्कबाणावरकडे जाणारा लोहमार्ग वसाहतीच्या आधी जवळजवळ नव्वद वर्षे तिथे आहे. 1884 साली या मार्गावरून तुमकूरपर्यंत गाडी धावू लागली. म्हणजे रूळ आधी आले, कारखाने मागाहून आले, आणि तरीही वसाहतीने रुळांकडे पाठ करून महामार्गाकडे तोंड केले. पीण्याला स्वतःचा मालधक्का कधी लाभला नाही. न बांधल्या गेलेल्या या इमारतीचा इतिहास लिहिता येतो आणि तो बांधल्या गेलेल्या अनेक इमारतींच्या इतिहासापेक्षा जास्त सांगून जातो, असे मला वाटते. ‘ट्रक स्वस्त आणि सोयीचा, म्हणून रेल्वे मागे पडली’ हे नेहमीचे उत्तर इथे अपुरे पडते. पीण्याचा मालधक्का रुळांच्या रुंदीत अडकला, आणि ती रुंदी वसाहतीचा पहिला पत्रा चढण्याच्या शंभर वर्षे आधी ठरलेली होती.

आधी मालधक्का म्हणजे काय ते नीट पाहू. प्रवाशांच्या स्टेशनाला कमानी, घड्याळ, बाके असा सगळा थाट असतो. मालधक्क्याची रचना एकाच मापावर बेतलेली असते, ते म्हणजे मालडब्याच्या फळीची उंची. फलाटाची जोती त्या उंचीला आणतात, म्हणजे हमालाला पोते घेऊन चढावे-उतरावे लागत नाही, सरळ चालत डब्यात शिरता येते. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला गाड्यांचा रस्ता आणि मधे पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर. त्या छपराच्या पागोळ्या दोन्हीकडे लांबवर बाहेर काढलेल्या, की पावसात डब्यावरही सावली पडावी आणि बैलगाडीवरही. आत वजनकाटा, जाळीमागे मालबाबूचे टेबल, त्यावर रेल्वे रसीद, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडची आरआर. माल वेळेत उचलला नाही तर जागा अडवल्याचे भाडे, डबा वेळेत रिकामा केला नाही तर डॅमरेज. ही इमारत माल साठवण्यासाठी नसतेच. माल तिथे जितका कमी थांबेल तितकी ती यशस्वी. हात बदलण्यासाठी, एका वाहनातून दुसऱ्यात जाण्यासाठी ती उभी असते. म्हणून तिचे दैव त्या दोन वाहनांमधल्या तफावतीशी बांधलेले असते. तफावत एका मापाची असेल तर धक्क्याभोवती बाजारपेठ वसते. ती त्या मापाबाहेर गेली तर व्यापारी धक्का टाळून दुसरी वाट धरतात.

बंगळूरला ही तफावत फार लवकर भोवली. मद्रास रेल्वेने ऑगस्ट 1864 मध्ये जोलारपेटहून बंगळूर छावणीपर्यंत ब्रॉडगेज मार्ग आणला. ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांत साडेपाच फूट, आजच्या मोजमापात 1676 मिलिमीटर. हा मार्ग छावणीपाशी संपत होता, त्यापुढचे सारे म्हैसूर संस्थान बैलगाडीच्या भरवशावर होते. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात या मांडणीची किंमत कळली. मद्रासकडून रेल्वेने धान्य येत होते आणि ते रोज शेकडो टनांच्या हिशेबाने येत होते, पण पुढे न्यायला बैल उरले नव्हते, कारण चारा नसल्याने बैलच आधी मरत होते. संस्थानाची लोकसंख्या 1871 च्या शिरगणतीत पन्नास लाखांच्या आसपास होती, ती 1881 मध्ये बेचाळीस लाखांच्या घरात आली. धान्य रुळाच्या टोकाला आणि भूक तिथून पन्नास कोसांवर, हे चित्र राज्यकर्त्यांच्या मनात ठसले. बंगळूर–म्हैसूर मार्गाची माती दुष्काळी कामावरच्या मजुरांकडून टाकली जाऊ लागली ती याच काळात. 1882 पर्यंत गाडी म्हैसूरला पोचली आणि दोन वर्षांनी दुसरा फाटा यशवंतपूरवरून तुमकूरला. हे सगळे मार्ग मात्र मीटरगेज होते, म्हणजे दोन रुळांत फक्त एक मीटर.

मीटरगेजचा निर्णय बंगळूरने घेतला नव्हता. इंग्लंडमध्ये निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या रुंदीचे रूळ टाकल्याने 1840 च्या दशकात ग्लॉस्टर स्टेशनावर प्रवासी आणि माल या गाडीतून त्या गाडीत चढवताना जो गोंधळ उडे, तो तिकडे गाजला होता आणि त्यावर सरकारी आयोगही बसला होता. तो अनुभव ताजा असल्याने डलहौसीने हिंदुस्थानसाठी सुरुवातीलाच एक रुंदी ठरवून टाकली होती. पण 1870 च्या सुमारास तिजोरीवर ताण आला तेव्हा लॉर्ड मेयोच्या सरकारने दुय्यम मार्गांसाठी स्वस्तातले मीटरगेज मान्य केले. अरुंद रूळ, हलके पूल, तीव्र वळणे, कमी खर्च. दुष्काळी मुलखात झपाट्याने मार्ग न्यायचे तर हाच उपाय, असा तो युक्तिवाद होता आणि त्या घडीला तो खोटा नव्हता. 1882 साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी या भागात मीटरगेजचे जाळे विणले ते याच धोरणावर. या कंपनीचे मुख्य ठाणे धारवाडला होते. तिच्या कचेरीची इमारत पुढे कर्नाटक कॉलेजकडे आली. म्हैसूर संस्थानाचे मार्गही 1886 नंतर याच कंपनीच्या हाती चालवायला गेले आणि 1890 च्या आसपास पुणे ते बंगळूर अशी सलग मीटरगेज वाट तयार झाली. नावात ‘मराठा’ असलेली, भांडवल लंडनचे असलेली कंपनी म्हैसूरचा माल वाहू लागली. सलग हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. पुण्याला पोचलेला माल मुंबईकडे जायचा तर जीआयपी रेल्वेच्या ब्रॉडगेज डब्यात चढवावा लागे आणि बंगळूरला पोचलेला मद्रासकडे जायचा तर पुन्हा तेच. या वाटेची दोन्ही टोके बंद होती.

तरीही जवळजवळ शंभर वर्षे या बंद टोकांच्या वाटेवर उद्योग आले आणि ते रुळाला धरूनच आले. याचा पुरावा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातला जो माळ निवडला, तो कुंडल रोड स्टेशनच्या शेजारचा होता. निवडुंगाने भरलेली ती जमीन शेतीच्या कामाची नव्हती, पण लोखंडी नांगर ओतायचे तर कच्चे लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने आणि नांगर गावोगाव जाणारही रेल्वेने. कारखाना इतका रुळाशी बांधलेला होता की पुढे स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. कऱ्हाडच्या स्टेशनलगत ओगल्यांचा काचकारखाना आला आणि ती वस्ती ओगलेवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. याच मार्गावर दक्षिणेला, तुंगभद्रेकाठी हरिहरला, 1941 साली म्हैसूर किर्लोस्करचा लेथ कारखाना उभा राहिला आणि 1946 मध्ये बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. एकाच मीटरगेज मार्गावर मण्यांसारखे ओवलेले हे कारखाने पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. त्या काळचा कारखानदार जागा शोधताना आधी स्टेशन पाहत असे. रुळांची रुंदी त्याला अडवत नव्हती, कारण त्याचे पर्याय त्याहून वाईट होते. बैलगाडीच्या तुलनेत पुण्याच्या धक्क्यावर एकदा माल उतरवून चढवणे ही क्षुल्लक गोष्ट होती. मीटरगेजचा तोटा शंभर वर्षे लपून राहिला, कारण त्याची तुलना बैलाशी होत होती.

पीण्या जन्माला आले तोपर्यंत ही तुलना बदललेली होती. कर्नाटकात औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ 1966 मध्ये आले, आपल्या एमआयडीसीनंतर चार वर्षांनी. पीण्याची आखणी आणि वाढ 1970 च्या दशकातली. आजूबाजूला मोठे सरकारी कारखाने आधीच होते. जालहळ्ळीला 1950 च्या दशकात आलेले एचएमटी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (बीईएल) यांना सुटे भाग लागत, ते पुरवणारी छोटी वर्कशॉप्स पीण्यात आली. समोर मुंबई–पुणे–बंगळूर–मद्रास हा तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग 4. पलीकडे मीटरगेजचे रूळ. नेमक्या याच सुमारास उत्तरेकडे एक बदल झाला. 1971 मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि गेज बदलण्याचे ठिकाण पुण्याहून मिरजेला सरकले. मिरज जंक्शनवर तेव्हा तीन रुंद्या एकत्र येत. उत्तरेकडून ब्रॉडगेज, दक्षिणेकडून मीटरगेज आणि लातूर-पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी नॅरोगेज. प्रवासी असाल तर पिशवी उचलून फलाट बदलावा. माल असेल तर हमालांनी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा, आणि ब्रॉडगेजच्या एका डब्यातला माल मीटरगेजच्या एका डब्यात मावेलच असे नाही, म्हणून डब्यांच्या जोड्या लागेपर्यंत तो धक्क्यावर पडून राहावा. मिरज दक्षिणेतले गजबजलेले जंक्शन झाले ते जसे व्यापारामुळे, तसेच या अडचणीमुळेही. पीण्या ज्या वर्षांत वाढत होते, त्या वर्षांत त्याच्या शेजारचा लोहमार्ग पुण्या-मुंबईच्या दिशेने मिरजेपर्यंतच जाऊ शकत होता.

ही अडचण आकड्यांत मांडून पाहू. पीण्यातल्या कारखान्यातून लाकडी खोक्यात बंद केलेले एक यंत्र पुण्याला भोसरीत पाठवायचे आहे. रेल्वेने पाठवायचे तर ते कारखान्यात टेंपोवर चढेल, यशवंतपूरच्या धक्क्यावर उतरेल, मीटरगेज डब्यात चढेल, मिरजेला उतरेल, ब्रॉडगेज डब्यात चढेल, पुण्याला उतरेल, तिथे ट्रकवर चढेल आणि भोसरीत उतरेल. एकूण आठ वेळा उचल. महामार्गाने ट्रक भरून पाठवले तर दोनच वेळा, पाठवणाऱ्याच्या दारात आणि घेणाऱ्याच्या दारात. वाटेत निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावर ट्रक तासन्‌तास उभा राहील, कागद तपासले जातील, ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळेल. पण ट्रक थांबतो, माल उतरत नाही, आणि फरक पडतो तो इथेच. पोते आठ वेळा उचलले तर थोडे धान्य सांडते. लेथचा बेड किंवा घासून पुसून मापात आणलेला गिअर आठ वेळा उचलला आणि एकदा आदळला, तर ते यंत्र भंगाराच्या भावाने जाते. पीण्याचा माल नेमका या दुसऱ्या जातीचा होता. आता हिशेबातली आणखी एक गोष्ट पाहू. या आठातून गेजबदलाच्या दोन वजा केल्या तरी सहा उरतात, म्हणजे दोनापेक्षा जास्तच. मग गेजचा दोष किती? उत्तर असे की ट्रकपेक्षा जास्तीच्या या उरलेल्या चार उचली टाळण्याचा उपाय रेल्वेकडे पूर्वीपासून होता. कारखान्याच्या किंवा वसाहतीच्या दारापर्यंत साइडिंग, म्हणजे रुळांचा फाटा, न्यावी. पण साइडिंगचा खर्च करायचा तर भरलेला डबा शेवटपर्यंत न उघडता जाणार ही खात्री लागते. मिरजेला तो उघडावाच लागणार असेल तर साइडिंग टाकण्यात अर्थ राहत नाही. गेजने दोन उचली वाढवल्या, त्याहून मोठे नुकसान म्हणजे बाकीच्या वाचवण्याची उमेदच त्याने काढून घेतली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पीण्याला मुळात लांबच्या वाहतुकीची गरज नव्हती. सुटे भाग एचएमटीला किंवा बीईएलला द्यायचे, अंतर काही किलोमीटरचे, त्यासाठी टेंपो पुरतो. सुरुवातीच्या काळापुरते हे बरोबर आहे. पण त्या सुट्या भागांसाठी लागणारे पोलाद भिलई-राउरकेल्यासारख्या कारखान्यांतून यायचे आणि ते पीण्यात पिकत नव्हते. शिवाय कोणतीही पूरक वसाहत फार दिवस एकाच ग्राहकावर जगत नाही. पीण्याच्या कारखान्यांनी पुढे पुणे, चेन्नई, कोइमतूर, मुंबई असे ग्राहक मिळवले, तेव्हा त्यांना लांब पल्ल्याची वाट लागली आणि ती एकच उघडी होती. दुसरा आक्षेप याच्याशी जोडलेला आहे. लघुउद्योगाचा माल फुटकळ, चार खोकी आज, सहा परवा. रेल्वेला असा माल परवडत नाही. हेही आजच्या घडीला बरोबर आहे, पण ते रेल्वेचे निसर्गदत्त लक्षण मानणे चूक ठरेल. डबाभर नसलेला फुटकळ माल, रेल्वेच्या बोलीत ‘स्मॉल्स’, गोळा करून एकत्र भरणे हेच शंभर वर्षे गावोगावच्या मालधक्क्यांचे काम होते. किर्लोस्करांचे नांगर याच पद्धतीने गावोगाव गेले. 1970 नंतर रेल्वेने हा धंदा हळूहळू सोडला आणि 1980 च्या दशकापासून कोळसा, खनिज, सिमेंट, धान्य यांच्या पूर्ण गाड्या, म्हणजे रेक, हेच आपले मुख्य काम मानले. हा हिशेबी निर्णय होता. त्यामुळे छोट्या धक्क्यांवरची वर्दळ आटली आणि मधल्या वर्षांत उभ्या राहिलेल्या वसाहतींना फुटकळ माल गोळा करणारे दुसरे कुणी शोधावे लागले. तुमकूर रस्त्यावरची ट्रान्सपोर्टवाल्यांची गोडाऊने ते काम करू लागली. फुटकळ खोकी घ्यायची, गावाप्रमाणे लावायची, ट्रक भरला की सोडायचा. जाळीमागचा मालबाबू गेला, त्याच्या जागी बिल्टी फाडणारा कारकून आला.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातूनच येतो. पिंपरी-चिंचवडला तर पहिल्यापासून ब्रॉडगेज आहे, मुंबई–पुणे मुख्य मार्गावरची स्टेशने आहेत. तरी भोसरीचा माल ट्रकनेच जातो. मग गेज हे कारण कसे? हा आक्षेप मी मान्य करतो आणि त्यामुळे माझा दावा थोडा बदलतो. 1950-51 मध्ये देशातल्या मालवाहतुकीचा जवळजवळ नव्वद टक्के भाग रेल्वेकडे होता, आज तो एक तृतीयांशाच्याही खाली आहे. इतकी मोठी घसरण एका गेजमुळे होत नसते. गेज कुठलेही असो, ट्रक सगळीकडेच जिंकला. पण हरलेल्याला परत यायला जागा उरली की नाही, याबाबत चिंचवड आणि पीण्या यांत फरक आहे. चिंचवडचा धक्का जागेवर राहिला. रूळ, फलाट, आत यायला रस्ता हे सगळे होते, म्हणून अलीकडच्या काळात रेल्वेने मोटारी वाहून नेण्यासाठी खास डबे आणले तेव्हा त्या भागातल्या मोटारी तिथून गाडीत चढू शकल्या. पीण्यात असे परत यायचे ठरवले तर उतरायचे कुठे? गल्ल्या ट्रकच्या वळणाच्या हिशेबाने आखलेल्या, भूखंड छोटे, जमिनीला सोन्याचा भाव. वसाहतीची आखणी करताना रुळासाठी पट्टा राखला नाही तर नंतर तो काढता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की ट्रकला विजय गेजने दिला नाही, पण पीण्यापुरता तो विजय कायमचा गेजने केला.

या दाव्याची परीक्षा बघायला बंगळूरनेच एक प्रयोग करून ठेवला आहे. गेजचा तिढा सोडवणारी वस्तू विसाव्या शतकात आली, ती म्हणजे कंटेनर. पेटीतला माल हात न लावता पेटीसकट उचलायचा, मग खालचे चाक कुठल्या रुंदीचे आहे याला महत्त्व उरत नाही. देशातला पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो 1981 मध्ये बंगळूरलाच सुरू झाला आणि तो भारतीय रेल्वेनेच चालवला. म्हणजे रेल्वेने नवा मालधक्का शोधून काढला होता आणि तो पीण्याच्याच शहरात. हा पुरावा माझ्या विरोधात जातो असे वाटेल. पण तो कुठल्या रुळावर आला ते पाहावे. निर्यातीच्या पेट्या जायच्या मद्रास बंदराला आणि मद्रासकडे 1864 पासून ब्रॉडगेज होते. पुढे 1988 मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन स्थापन झाले, त्याने दुसऱ्या वर्षी रेल्वेचे सात डेपो हाती घेऊन काम सुरू केले, आणि बंगळूरचे हे काम शेवटी व्हाइटफील्डला स्थिरावले. तेही त्याच पूर्वेच्या ब्रॉडगेज मार्गावर. पीण्या शहराच्या वायव्येला, व्हाइटफील्ड पूर्वेला. पीण्याच्या निर्यातदाराला रेल्वेची पेटी हवी असेल तर ती आधी ट्रकवर चढवून सगळे शहर ओलांडावे लागते. मद्रास रेल्वेच्या इंजिनिअरांनी छावणीपर्यंत आणलेली साडेपाच फुटी वाट आणि म्हैसूर संस्थानाने पश्चिमेला नेलेली एक मीटरची वाट यांतल्या फरकाने शंभर वर्षांनंतरच्या कंटेनरने कुठे उतरायचे ते ठरवले. दोनशे कोटींचा कारखाना असो वा दोन लेथचे वर्कशॉप, शहराच्या कुठल्या बाजूला धक्का आणि कुठल्या बाजूला ट्रकची रांग हे आधीच्या पिढ्यांनी लिहून ठेवले होते.

आता कुणी असे विचारेल की धक्का नसल्याने पीण्याचे बिघडले काय? हरिहरच्या लेथ कारखान्याला स्टेशन होते, तरी तो या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. पीण्याला नव्हते, तरी ते वाढतच गेले. हे खरे आहे आणि रेल्वेने उद्योग तगतात असा माझा दावाच नाही. हरिहरला बाजाराने हरवले. माझा मुद्दा खर्च कुणाच्या खिशातून जातो हा आहे. मालधक्का असला तर माल हलवण्याचा खर्च भाड्याच्या पावतीवर दिसतो. तो नसला की खर्च पावतीबाहेर जातो आणि सगळ्यांच्या वाट्याला येतो. यशवंतपूरपासून पुढे तुमकूर रस्त्यावर ट्रकांची जी दाटी झाली, तिच्यावर उतारा म्हणून रस्त्याच्या डोक्यावर उन्नत मार्ग बांधावा लागला. यशवंतपूरच्या कृषी बाजारात महाराष्ट्रातला कांदा येतो तोही याच रस्त्याने, ट्रकनेच. म्हणजे कांद्याची गाडी, कंटेनर आणि शहर बस एकाच डांबरासाठी भांडतात. हा खर्च कुठल्याही कारखान्याच्या ताळेबंदात नसतो, म्हणून धक्का नसण्याचे नुकसान कुणाला दिसत नाही.

मीटरगेजची वाट पुढे खरोखर संपली. 1992 मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज करण्याचे धोरण धरले आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत बंगळूर, हुबळी, मिरज हे एका ब्रॉडगेज धाग्यात आले. मिरजेच्या धक्क्यावरची ती अदलाबदल बंद झाली. आज पीण्याशेजारच्या रुळावरून भरलेला डबा न उघडता थेट मुंबईच्या बंदरापर्यंत जाऊ शकतो. पुणे–बंगळूर मार्गाचे टोक उघडायला शंभर वर्षे लागली आणि ते उघडले तेव्हा ज्या वसाहतीला त्याचा सर्वाधिक उपयोग व्हायचा, तिची घडी दुसऱ्याच वाहनाच्या मापाने बसून गेली होती. त्यामुळे नव्या औद्योगिक वसाहती आखताना, मालवाहतुकीचे नवे टर्मिनल आणि ड्राय पोर्ट यांच्या घोषणा होताना, रूळ किती किलोमीटरवर आहेत हा प्रश्न पुरेसा नाही. माल वाटेत किती वेळा उचलावा लागेल हे आधी विचारावे, आणि उत्तर दोनपेक्षा जास्त येत असेल तर आजच धक्क्यासाठी जमिनीचा पट्टा राखून ठेवावा. रूळ उशिरा आले तरी चालते, राखलेली जागा त्यांची वाट पाहू शकते. पीण्यात रूळ नव्वद वर्षे आधी आले होते आणि जागा कुणी राखली नाही.

पीण्याच्या नावाचे स्टेशन अखेर 1 मार्च 2014 रोजी सुरू झाले. किंबहुना एक नव्हे, दोन सुरू झाली, ‘पीण्या’ आणि ‘पीण्या इंडस्ट्री’. दोन्ही बंगळूर मेट्रोची, तुमकूर रस्त्याच्या डोक्यावर खांबांवर उभी. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनाला कारखान्याने नाव दिले, तसे इथेही कारखान्यांनीच दिले. पण सकाळी त्या फलाटावर उतरतात ते डबे घेतलेले फिटर, टर्नर आणि शिवणकामावरच्या बाया, खोके एकही उतरत नाही. मेट्रोचे रूळ 1435 मिलिमीटरचे आहेत. ब्रॉडगेजशी जुळत नाहीत, गेलेल्या मीटरगेजशीही जुळत नव्हते. पीण्याला रेल्वे मिळाली ती आणखी एका तिसऱ्याच रुंदीची. तिच्या पुलाखाली, पुण्याकडे तोंड करून, भरलेले ट्रक सिग्नल सुटायची वाट बघत उभे असतात.